ऑपरेशनच्या वेळी 'सगळं रक्त' तपासलं होतं, मग हे तेव्हाच का दिसलं नाही?

अबोली_रंग (धागाकर्ती)

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं (वय ४७) फेब्रुवारीत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी रक्त घेतलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. एकाच सुईतून चार नळ्या भरल्या. निळं टोपण, पिवळं, जांभळं आणि राखाडी. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं रक्त घेतायत म्हणजे काही सुटायचं नाही बघ." संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, रक्त उत्तम आहे, उद्या सकाळी घेऊ. ऑपरेशन छान झालं, चौथ्या दिवशी घरी आलो.

ऑगस्टमध्ये त्यांना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचं निदान झालं. दुसरा टप्पा. अधूनमधून रक्त जात होतं, पण पाळी जायचं वय आहे म्हणून दोन महिने त्या कोणाला बोलल्याच नाहीत.

आमचे दीर फेब्रुवारीची फाईल काढून बसलेत. त्यांचं एकच म्हणणं आहे: सहा महिन्यांपूर्वी सगळं रक्त तपासलं होतं, मग एक तर यांच्या नजरेतून सुटलं, नाहीतर यांनी सांगितलं नाही. फाईल माझ्यासमोर आहे. सीबीसी, साखर, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, पीटी-आयएनआर, रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. सगळ्यांपुढे नॉर्मल किंवा निगेटिव्ह.

मला भांडण लावायचं नाही, समजून घ्यायचंय. यातल्या कोणत्या तपासणीत हे दिसायला हवं होतं?

---

शेवंती

ताई, जाऊबाईंना लवकर बरं वाटो. माझाही आजवर हाच समज होता की रक्तात सगळं उतरतं. वाचतेय.

---

लॅबवाली_सांगली

मी २१ वर्षं लॅबमध्ये रक्त घेते आहे. तुम्ही टोपणांचे रंग लक्षात ठेवलेत म्हणून तिथूनच सांगते.

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्यातल्या पेशी मशीन मोजतं: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. हेच सीबीसी. राखाडी नळी साखरेची. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. ते थांबवायला त्यात फ्लोराइड असतं, नाहीतर दोन तासांनी साखर उगाच कमी दिसेल. निळी नळी रक्त किती वेळात गोठतं ते बघायला. ती खुणेपर्यंतच भरावी लागते, कमी भरली तर आम्ही परत घेतो. पिवळ्या नळीत रक्त गोठवून वरचं पिवळसर पाणी काढतो, त्यावर किडनी, लिव्हर आणि एचआयव्ही-कावीळ.

आता या चार नळ्यांनी काय विचारलं ते बघा. हिला भूल सोसेल का? टाके घालताना रक्त थांबेल का? जखम भरेल का? रक्त चढवायची वेळ आली तर कोणत्या गटाचं आणायचं? ऑपरेशन करणाऱ्यांना काय जपायला हवं? बस. यातली एकही नळी गर्भाशयाच्या मुखाबद्दल काही विचारतच नाही. विचारलंच नाही त्याचं उत्तर रिपोर्टात कुठून येणार?

"सगळं रक्त तपासा" असं म्हणणारे दिवसाला दहा जण भेटतात. मी प्रत्येकाला म्हणते, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दाखवा, तेवढंच तपासलं जाणार आहे.

---

रानवाटा

पण कर्करोगाच्या रक्ततपासण्या असतात ना? सीए १२५, सीईए वगैरे. चार नळ्या घेतल्याच होत्या, तर पाचवी घेऊन हेही करून टाकायचं. पैसे तर पेशंटच देतो.

---

पेशीपाहणी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रानवाटा यांचा प्रश्न रास्त आहे, रोज कोणीतरी विचारतंच.

सीए १२५ हे बीजांडकोशाच्या कर्करोगात वाढतं हे खरं. पण ते पाळीच्या दिवसांतही वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढतं, पोटाच्या क्षयरोगात तर भरमसाट वाढतं. उलट पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये ते वाढलेलंच नसतं. सीईए धूम्रपान करणाऱ्यांमध्ये वाढलेलं सापडतं. पुरुषांचं पीएसए नुसत्या वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानेही वर जातं. आहे त्याला नाही आणि नाही त्याला आहे म्हणणारी तपासणी धडधाकट माणसावर केली तर घरादाराची झोप उडते आणि हाती काही लागत नाही. यांचा खरा उपयोग निदान झाल्यावर, उपचार लागू पडतायत का ते बघायला.

आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सुरुवातीला रक्तात उतरत नाही. तो तिथल्या पेशींत असतो, म्हणून तिथल्याच पेशी बघाव्या लागतात. पॅप (तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) किंवा व्हीआयए. व्हीआयए म्हणजे पातळ व्हिनेगर लावून मुखाकडे डोळ्यांनी बघणं, दोष असलेला भाग पांढरा पडतो.

कोणी विचारायच्या आत सांगतो, पित्ताशयासाठी केलेल्या पोटाच्या सोनोग्राफीतही हा लवकरच्या टप्प्यात दिसत नाही. अबोलीताई, तुमच्या फाईलमधला प्रत्येक 'नॉर्मल' खरा असणार. दिरांना हे शांतपणे सांगा.

---

शेवंती

अगदी हाच प्रश्न टंकायला घेतला होता!

---

घाटमाथा

मग ते 'फुल बॉडी चेकअप' काय असतं? आमच्या सोसायटीत शिबिर झालं, ८० तपासण्या. वडिलांच्या रिपोर्टात सहा ठिकाणी लाल अक्षरं. आई दोन रात्री झोपली नाही.

---

लॅबवाली_सांगली

घाटमाथादादा, ८० मोजतात कसे ते बघा. एका सीबीसीतच वीस-बावीस आकडे निघतात. एक नळी, एक मशीन, एक मिनिट, आणि जाहिरातीत त्या वीस तपासण्या. कोलेस्टेरॉलमध्ये दोन आकड्यांचा भागाकार केला की आणखी एक तपासणी वाढली. 'फुल बॉडी'त बॉडी फारच थोडी असते. पॅप नाही, डोळे नाहीत, दात नाहीत. बऱ्याचदा रक्तदाबसुद्धा कोणी मोजत नाही.

---

पेशीपाहणी

लाल अक्षरांबद्दल. रिपोर्टात समोर जी मर्यादा छापतात ती बहुतेक वेळा निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांना सामावून घेणारी असते. म्हणजे २० निरोगी माणसांत एक जण मर्यादेबाहेर पडणार हे धरूनच ती आखलेली आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी लाल निघण्याची शक्यता ६४ टक्के येते. ८० केल्या तर लाल काहीच न निघणं हेच नवल. किती लाल आहेत ते मोजू नका. कोणतं आहे आणि किती बाहेर आहे, ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना बघू द्या.

---

मीनाक्षी_प

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. शिबिरांना सरसकट नावं ठेवू नका. मला ना तहान, ना थकवा, ना वजनात घट. मैत्रिणीबरोबर सहज म्हणून गेले आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९ आलं. ६.५ पासून मधुमेह धरतात. त्या शिबिराला गेले नसते तर डोळ्यांवर परिणाम झाल्यावरच कळलं असतं. ज्यांना घरचे डॉक्टर नाहीत त्यांनी कुठे जायचं?

---

लॅबवाली_सांगली

मीनाक्षीताई, पटलं. साखर हा रोगच असा गुपचूप येणारा. तिशीनंतर साखर आणि रक्तदाब बघायलाच हवेत. माझा राग आकडा फुगवण्यावर आहे, तपासणीवर नाही.

---

तात्याबा

साखरेचा विषय निघाला म्हणून आमच्या वडिलांचं सांगतो. १४ वर्षं मधुमेह. दरवर्षी न चुकता क्रिएटिनिन करायचे, दरवर्षी १.१. आम्ही निर्धास्त. एक दिवस पायाला सूज आली. लघवी तपासली तर प्रथिनं धो धो जात होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत क्रिएटिनिन हलत नाही, आणि वडील अंगानं किडकिडीत, स्नायू कमी, म्हणून त्यांचं आणखी उशिरा हललं. मधुमेहात लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी बघायचं असतं. आधी बाहेर येतं ते तिथे. इतकी वर्षं रक्त दिलं, एक बाटली लघवी द्यायला कोणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरी साखर आहे त्यांनी आजच चिठ्ठी बघा, त्यात लघवी आहे का.

---

मीनाक्षी_प

तात्याबा, माझ्या चिठ्ठीत नाहीये. उद्याच विचारते. मनापासून आभार.

---

निळासावळा

धागाकर्तीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. कधी कधी उत्तर रिपोर्टात असतं आणि तरी कोणी वाचत नाही.

लग्नाच्या वेळी माझं हिमोग्लोबिन साडेबारा, बायकोचं साडेदहा. तिला कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या चालू. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के रक्तक्षयी आहेत (२०१९–२१ ची राष्ट्रीय पाहणी), म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसलं की हात आपोआप लोहाकडे जातो. गोळ्यांनी तिचं काही वाढलं नाही. डॉक्टर बदलले, गोळ्यांचा रंग बदलला.

ती गरोदर राहिल्यावर सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सीबीसीचा कागद हातात घेतला आणि हिमोग्लोबिन सोडून खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६४, लाल पेशी ५८ लाख. म्हणाल्या, पेशी आकाराने लहान आहेत पण संख्येने जास्त आहेत. लोह कमी असतं तर पेशी लहानही असत्या आणि कमीही. ५८ लाख म्हणजे ५.८ दशलक्ष, म्हणून ६४ ला ५.८ ने भागलं, ११ आले. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या या रक्तविकाराचा वाहक असण्याचा, संशय घ्यायचा. एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी केली, तिचं ५.४ टक्के निघालं. साडेतीनच्या वर म्हणजे वाहक. मग माझं केलं. मीही वाहक.

दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल थॅलेसेमिया मेजर होण्याची. म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून तपासला. निकालाला लागलेले ते दिवस मी अजून विसरलो नाही. मुलगी वाहक आहे, आजारी नाही. आता तिसरीत आहे.

तिच्या कॉलेजातल्या जुन्या रिपोर्टांतही तेच आकडे होते. लग्न ठरलेल्यांनो, पत्रिका बघता तसं एचबीए-टू बघा. सिंधी, पंजाबी, गुजराती लोकांत जास्त आढळतं हे खरं, पण आम्ही दोघंही पुणे जिल्ह्यातले मराठी आहोत.

---

शेवंती

लेकीला खूप खूप आशीर्वाद. आत्ताच माझा जुना रिपोर्ट काढून भागाकार केला. १९ आले. हुश्श!

---

मोहफूल_गडचिरोली

निळासावळा यांच्या प्रतिसादाला जोडून. आमच्या भागात हेच सिकलसेलचं, तोही आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा विकार. वाहक माणसाचा सीबीसी बहुधा सरळ नॉर्मल येतो. त्यासाठी आधी विद्राव्यता चाचणी करतात, तिच्यात आलं की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट. मी गावात कॅम्प लावते तेव्हा पोरं म्हणतात, "ताई, आश्रमशाळेत रक्त तपासलंय की." ते हिमोग्लोबिन असतं. पुन्हा समजवायचं, पुन्हा बोट टोचायचं.

---

सागरगोटा

अबोलीताईंच्या फाईलमध्ये एचआयव्ही दिसलं म्हणून विचारतो. माझ्या मित्राला एक भीती होती, पण तो म्हणे, "गेल्या वर्षी हॉस्पिटलात रक्त तपासलंय, काही असतं तर सांगितलं असतं." हे बरोबर आहे का?

---

ऐकणारी

मी एचआयव्ही समुपदेशक आहे. सागरगोटा, मित्राचं बरोबर नाही, आणि हा समज मी फार माणसांत बघते.

सीबीसीत एचआयव्ही कळत नाही. ती वेगळी तपासणी आहे, आणि २०१७ च्या कायद्यानुसार (लागू १० सप्टेंबर २०१८) तुम्हाला समजावून, तुमची संमती घेऊनच ती करायची. तेव्हा तुम्हाला विचारलं गेलं नसेल तर ती झाली नाही असंच धरून चाला. केली असेल तरी 'गेल्या वर्षीचं निगेटिव्ह' गेल्या वर्षापुरतं. संसर्गानंतर पहिले काही आठवडे तपासणीत दिसतही नाही. मित्राला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) पाठवा. फुकट आहे, गुप्त राहतं. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर १०९७. एकटं जायला नको वाटत असेल तर तुम्ही सोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा. तेवढ्याने फार फरक पडतो.

---

सागरगोटा

जातो. या आठवड्यातच.

---

रक्तदाता_ओनिगेटिव्ह

थोडं अवांतर. रक्तदान केलं की 'पूर्ण चेकअप' होतो असंही लोक समजतात. रक्तपेढीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या बंधनकारक आहेत. साखर, कोलेस्टेरॉल त्यात नाही. आणि संशय आहे म्हणून तपासून घ्यायला रक्तदान करणं तर कधीच करू नका. ते रक्त दुसऱ्याला जातं.

---

पेशीपाहणी

पूर्ण सहमत. रक्तपेढीचा विषय आला तर मुंबईची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रक्तगट काढताना लाल पेशींवर दोन थेंब टाकतात, ए विरोधी आणि बी विरोधी. दोन्हींत गुठळ्या झाल्या नाहीत की 'ओ'. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे रुग्ण शोधले की ज्यांचं रक्त 'ओ' सारखं दिसे, पण 'ओ' रक्तही त्यांना चालेना. हाच बाँबे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एक. पेशींबरोबर सीरमही तपासलं तरच तो पकडता येतो. नुसत्या काचपट्टीवर काढलेला गट म्हणूनच अंतिम धरत नाहीत. जगभरातल्या पुस्तकांत आपल्या शहराचं नाव आहे, ते या एका जास्तीच्या थेंबामुळे.

---

ब्रिस्टलची_सून

मूळ प्रश्नाकडे येते. इथे इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या बाईला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "काही होत नसताना कशाला?" त्या ६१ च्या आहेत आणि सोलापुरात त्यांना कोणीच कधी विचारलेलं नव्हतं.

---

भगवंत_नगरी

सोलापूर वाचलं आणि राहवलं नाही. मी बार्शीचा. या विषयातला जगभर वाचला गेलेला अभ्यास आपल्याच भागात झालाय. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि परदेशातली संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार बायकांवर तो केला. निकाल २००९ मध्ये आला. ज्या गावांत एकदाच, आयुष्यात एकदाच, एचपीव्ही तपासणी केली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

माझी आत्या त्या गावांपैकी एकातली. सांगते, शाळेच्या खोलीत साड्यांचे पडदे लावले होते, आधी कोणी आत जाईना. मग सरपंचांच्या आई गेल्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "काही दुखत नाही गं," मग रांग लागली. रक्ताचा एक थेंबही घेतला नव्हता.

सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए व्हायला हवी. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. नसेल तर परत विचारा. विचारणारं कोणी नसलं की ते बंदच पडतं.

---

रानवाटा

हे वाचून माझं मत बदललं. पण एक सल राहतोच. ४७ वर्षांची बाई चार दिवस दवाखान्यात होती. तिला कोणीही विचारलं नाही, "ताई, पॅप कधी केलीय का?"

---

पेशीपाहणी

तो सल मलाही आहे. रिपोर्टात चूक नव्हती. पण डिस्चार्जच्या कागदावर ती एक ओळ असायला हवी होती, हे मी आमच्या लोकांनाही ऐकवतो.

---

अबोली_रंग

सगळ्यांचे आभार. काल रात्री दिरांना शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. बार्शीच्या प्रतिसादावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रक्तात नव्हतंच ते." फाईल कपाटात ठेवली.

जाऊबाईंची २५ पैकी ११ रेडिएशन झाली. दर आठवड्याला केमोच्या आधी रक्त घेतात. परवा पुन्हा तीच जांभळी आणि पिवळी नळी. या वेळी मी विचारलं, कशासाठी? सिस्टर म्हणाल्या, जांभळीत पांढऱ्या पेशी केमो सोसण्याइतक्या आहेत का ते बघायचं, पिवळीत किडनी, कारण हे औषध किडनीला जड जातं. जाऊबाईंनी स्वतः दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. आता दर वेळी त्याच उतरवणार म्हणाल्या.

आणि लेकीसाठी त्यांनीच एचपीव्हीच्या लशीची चौकशी करायला सांगितलीय.

सोमवारी नणंद, मी आणि शेजारच्या काकू, आम्ही तिघी तपासणीला जातोय. काकूंनी विचारलं, "उपाशीपोटी यायचं ना गं?" म्हटलं, नाही काकू, पोटभर जेवून या. रक्त नाही घेणार.